हा कितवा मारुती?

शिराळ्यात राहणाऱ्या माणसाला दोन नोकऱ्या असतात. एक पगाराची आणि दुसरी पाहुण्यांना गाव दाखवायची. पहिलीतून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटका होते. दुसरीत निवृत्ती नाही, किरकोळ रजा नाही, आणि चहाचे पैसे आपणच द्यायचे.

पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "नाग कुठं आहेत?" श्रावणात विचारलं तर एक वेळ समजू शकतं, पण लोक मार्च महिन्यातही विचारतात. एक जण तर हे विचारूनच आत आला आणि उत्तराची वाट न पाहता सोफ्यावर पाय वर घेऊन बसला. पाण्याचा तांब्या दिला तर आधी आत डोकावून पाहिलं. बत्तीस शिराळ्यात घरोघरी फडताळात नाग असतात, अशी पुण्या-मुंबईत पक्की समजूत आहे. ती घालवायची तर मला थेट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून सुरुवात करावी लागते. तिथून उच्च न्यायालयात यायचं. मग जिवंत नागांच्या मिरवणुका कशा थांबल्या आणि आता प्रतिमेची पूजा कशी होते, ते सांगायचं. एवढं ऐकेपर्यंत पाहुण्याचा चेहरा असा पडतो, जणू ती याचिका मीच दाखल केली होती.

"म्हणजे साप नाहीतच?"

"आहेत की. शेतात आहेत, बांधाला आहेत."

"मग दाखवा ना एखादा."

"ते आधी वेळ देत नाहीत."

२०२५च्या नागपंचमीला केंद्र सरकारनं २१ नाग पकडायची परवानगी दिली, ती शैक्षणिक कारणासाठी. ही बातमी फिरली आणि माझ्या कामात भर पडली. आता लोक फोन करून विचारतात, "नाग शाळेत बघायला मिळतात म्हणे. कुठल्या शाळेत?"

गेल्या हिवाळ्यात बायकोचा मावसभाऊ पुण्याहून सहकुटुंब आला. हा गृहस्थ कुठलीही जागा बघायच्या आधी मोबाइलवर तिला किती तारे मिळालेत ते बघतो. आमच्या दारात गाडी लावता लावता त्यानं विचारलं, "दाजी, दोन तासांत काय काय उरकेल?"

मी म्हटलं, "मारुती, गोरक्षनाथ, अंबामाता, भुईकोट. उद्या चांदोली."

"गाइड मिळेल?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे आहेत की. फकस्त यांना थांबवायचं कसं, ते आमाला अजून कळलं न्हाई."

पहिला मुक्काम मारुतीचा. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमचा, एसटी स्टँडजवळ. मूर्ती चांगली पुरुषभर उंचीची. मी नुकताच घसा खाकरला होता, एवढ्यात 'अकरा मारुती दर्शन' असा कागद काचेला चिकटवलेली बस येऊन थांबली. आतून मंडळी उतरली ती धावतच. पुढच्या काकूंनी चप्पल काढता काढता मला विचारलं, "हा कितवा?"

असा प्रश्न मला आयुष्यात वारंवार मिळत नाही. मी म्हटलं, "स्थापनेच्या सालानं हा अकरावा. शहापूरचा पहिला, शके १५६६चा. मग मसूर, मग चाफळचे दोन..."

"आमचा सहावा आहे," काकू म्हणाल्या.

"सातवा," मागून एक काका म्हणाले.

"सहावा! मी वहीत टिकमार्क केलेत."

"उंब्रजला तुम्ही झोपला होतात. तो धरलाच नाही तुम्ही."

झोपेत झालेलं दर्शन धरायचं की नाही, यावर देवळाच्या दारात छोटी सभा भरली. एक पक्ष म्हणाला, बस देवळासमोर उभी होती म्हणजे दर्शन झालं. दुसरा म्हणाला, असं असेल तर मग आपण घरीच बसायचं होतं. मी मध्येच शके १५७६ म्हणजे सन १६५४ असा तोडगा सुचवून पाहिला. त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "बसा पटापटा. पारगाव गाठायचाय अजून."

मंडळी पळाली. मी मात्र रंगात आलो होतो. या देवळात मूर्तीच्या दोन्ही अंगांना झरोके आहेत, सकाळी आणि संध्याकाळी उन्हाचा कवडसा मारुतीच्या तोंडावर येतो, आणि सगळ्या बसगाड्या मात्र भर दुपारी येतात, हे मी हातवारे करून सांगत होतो. भानावर आलो तेव्हा समोर फक्त एक आजोबा उरले होते. ते इतके मन लावून ऐकत होते, की मला भरून आलं.

"आणखी काही विचारायचंय का, आजोबा?"

"बस कुटल्या बाजूला गेली वो?" आजोबा म्हणाले.

त्यांना मोटारीत घालून मांगल्याच्या रस्त्याला बस गाठून दिली आणि परत येऊन आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. तिथं मेहुण्यानं सहज म्हणून विचारलं, "दाजी, बत्तीस शिराळा, बत्तीस शिराळा म्हणतात. ही बत्तीस गावं कुठली?"

शिराळ्याच्या टपरीवर हा प्रश्न सहज विचारायचा नसतो. टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली. "सांगतो की. बिऊर, उपवळे, तडवळे, कापरी, पाडळी..."

"औंढी घ्या," बाकावरून आवाज आला.

"घेतली. अंत्री."

"अंत्री बुद्रुक का खुर्द?"

"दोन्ही."

"दोन्हीला एक धरायचं का दोन?"

इथं पहिलं भांडण झालं. ते मिटेपर्यंत सागाव, कणदूर, पुनवत आणि चिखली येऊन बसली होती. पेपर वाचणाऱ्या एकानं पेपर खाली केला. "आमची वाडी न्हाई घेतली?" वाडी बत्तिसात कधीच नव्हती असं टपरीवाला म्हणताच वाडीकर उठून उभा राहिला. मग वाडी घेतली. वाडी घेतली म्हटल्यावर शेजारच्या वाडीनं काय पाप केलंय? तीही घेतली. बत्तिसाव्या गावावर कुणीतरी थांबेल अशी माझी आशा होती, पण त्या आकड्यावरून गाडी ब्रेक न लावता पुढं गेली. एक्केचाळीसवर दम लागला तेव्हा टपरीवाल्यानं समाधानानं किटली उचलली.

"पण ही बत्तीस ना?" मेहुणा म्हणाला.

"बत्तीसच. ही एक्केचाळीस त्यातच आली."

या यादीत बिळाशीचं नाव आलं, तेव्हा कोपऱ्यात बिडी ओढत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "बिळाशीचं नुसतं नाव घिऊन पुढं जायचं न्हाई." आणि त्यानं १९३०चा जंगल सत्याग्रह सांगायला घेतला. सांगायला कसला, करायलाच घेतला. टपरीचा खांब हा साग, उजवा हात ही कुऱ्हाड. "सरकारचं जंगल म्हणं! आमी लावल्यालं, आमी राखल्यालं. असा घाव घातला..." खांबावर हात बसला आणि वरचा पत्रा दणाणला. मग तोडलेला साग गावात कसा आणला, त्याच्यावर निशाण कसं चढवलं, हे दाखवताना त्यानं माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढून चहाच्या गाळणीच्या दांड्याला बांधलं. मेहुण्याचा दहा वर्षांचा मुलगा, ज्यानं सकाळपासून मोबाइलमधून मान वर केली नव्हती, तो तोंड उघडं टाकून बघत होता. मोबाइल बाकावर, त्यावर बिस्किटाचा चुरा. "मग पोलीस आले?" त्यानं विचारलं. "येत्यात न्हाई तर!" म्हातारा म्हणाला आणि आता पोलीस व्हायला कुणाला तरी शोधू लागला. त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"चला, उशीर होतोय," मेहुणा म्हणाला. "भुईकोट राहिलाय."

फ्रीमन टिल्डन नावाच्या एका अमेरिकन लेखकानं १९५७ साली पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं असं, की पाहुण्यावर नुसती माहिती ओतून भागत नाही, ती त्याच्या स्वतःच्या जगण्याला कुठंतरी येऊन भिडली पाहिजे. मला हे फार पटलं. तेव्हापासून मी पाहुण्यांना टिल्डनचीही माहिती देतो.

भुईकोटाकडं जाताना मी १६८९ सालात शिरलो. संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेले. मोगल त्यांना घाटावर आणून पुढं घेऊन निघाले, आणि त्या वाटेवर शिराळ्यात त्यांना सोडवायचा प्रयत्न झाला असं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे सांगताना माझा आवाज हमखास कापरा होतो. त्या दिवशीही झाला. मी डोळे पुसले. मेहुणाही गंभीर झाला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "दाजी, गाडी सावलीत लावली असती तर बरं झालं असतं."

वहिनींचा, म्हणजे मेहुण्याच्या बायकोचा, प्रश्न सगळीकडं एकच असतो आणि तो इतिहासाचा नसतो. सगळ्या पर्यटकांच्या मनातला पहिला प्रश्न खरा तोच. बाकीचे भिडेखातर सनावळी विचारतात. मागं आम्ही सगळे एका गडावर गेलो होतो. तिथं स्वच्छतागृह होतं, बाहेर उद्‌घाटनाची कोनशिला होती, कोनशिलेवर नऊ नावं होती, आणि दाराला कुलूप होतं. चावी ज्याच्याकडं, तो लग्नाला गेला होता. "लग्न कुठं आहे?" वहिनींनी विचारलं. आम्हाला वाटलं त्या चिडल्या आहेत. त्या खरंच पत्ता विचारत होत्या. लग्नघरी तरी सोय असेल.

गडाखालच्या लेण्यापुढं तो ओळखीचा निळा फलक होता. आपल्या देशात लेणं कुणाचं, कधीचं, आत काय आहे, हे कळेल न कळेल. पण ते खराब केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, हे १९५८च्या कायद्याचा हवाला देऊन स्वच्छ लिहिलेलं असतं. पोरानं फलक मोठ्यानं वाचला, अंधाऱ्या खोल्यांत डोकावला आणि निर्णय दिला, "बाबा, इथं जेल होतं." मी दुरुस्ती करायला पुढं झालो, पण त्याच्या हाताशी लेखी पुरावा होता.

फलकांविषयी मी अधिकारवाणीनं बोलू शकतो, कारण आमच्या आळीतल्या उत्साही मंडळींनी गावाच्या माहितीचा फलक लावायचं ठरवलं तेव्हा मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी महिनाभर खपलो. नागपंचमी, नाथपंथ, मोरणा नदी, मारुती, भुईकोट, सगळं आठ पानांत बसवलं. बैठकीत मी वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर अध्यक्षांनी हात वर केला.

"सर, लिवलंय झकास. पर फलक चार बाय सहाचा हाय."

"मग कमी करतो."

"चार वळी ठेवा. बाकीचं सौजन्य."

सौजन्यात सतरा नावं होती. त्यांतल्या अकरांना फोटो हवा होता. सहांनी फोटो नको म्हटलं, पण ते असं म्हटलं, की त्यांचे फोटो मोठे घ्यावे लागले. वरच्या भागात 'सहर्ष स्वागत' आणि दोन हत्ती. हत्ती कशाला, असं मी विचारलं. छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच होते. माझ्या चार ओळी मधल्या फटीत बसवल्या, इतक्या बारीक अक्षरात, की वाचायला गुडघ्यावर यावं लागतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस सौजन्याच्या पाया पडतोय. छपाईवाल्यानं एक बदलही केला. मी लिहिलं होतं, 'समर्थ रामदासांनी स्थापन केलेला मारुती.' फलकावर आलं, 'समर्थ रामदासांनी स्थानबद्ध केलेला मारुती.' मी तक्रार केली. अध्यक्ष म्हणाले, "सर, अजून कोण काय बोललं न्हाई. म्हंजी कोण वाचत न्हाई. मग अडचण काय हाय?" या युक्तिवादाला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चांदोलीला निघालो. कोकरूड, चरण, आरळा असं करत गाडी वारणेच्या कडेनं चालली होती आणि मी आकड्यांत होतो. १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, ३१७ चौरस किलोमीटर, २०१० साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या निवडक जागांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. कासचं पठारही त्याच यादीतलं.

"जागतिक वारसा?" वहिनी एकदम सावध झाल्या. "मग तिथं नक्की सोय असेल."

जीपमध्ये आमच्याबरोबर एक तरुण गाइड दिला होता. जवळच्याच गावचा, अंगानं काटक, बोलणं बेताचं. त्यानं सुरुवातीलाच सांगितलं की जंगलात बोलू नका. यावर आम्ही सगळ्यांनी एकमेकांना "बोलू नका, बोलू नका" असं बजावलं. त्यानंतर मेहुण्यानं वेफर्सची पिशवी फोडली. तो आवाज वारणेपल्याड शाहूवाडीपर्यंत गेला असावा.

"वाघ कुठं दिसतो?" मेहुण्यानं कुजबुजत विचारलं. त्याची कुजबुज आपल्या गप्पांपेक्षा मोठी असते.

"हाय की सायेब. आपल्याला न्हाई दिसला, तर त्यानं आपल्याला बघितलं आसंल."

हे वाक्य भारतातल्या समस्त जंगलगाइडांना तोंडपाठ असतं. पण मेहुणा तयारीनं आला होता. "ताडोब्यात आम्हाला एका फेरीत तीन दिसले होते."

"ताडोब्यासनंच आणलीया की वाघीण हिकडं."

"मग? तिला माणसांची सवय असेल. ती तरी दिसायला पाहिजे."

"हितल्या झाडीत आली आन हितल्यागतच वागाय लागली, सायेब. कुणाच्या समोर यीत न्हाई."

मग तो बोलायचा थांबला आणि दाखवू लागला. एका झाडाच्या खोडावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते. पोरानं त्यावर बोटं ठेवून पाहिली, त्याचा अख्खा पंजा दोन ओरखड्यांच्या मध्ये बसला. "अस्वल," गाइड म्हणाला, बस्स. फांदीला चिकटलेला काळपट गोळा दाखवला, तो मुंग्यांचं घर निघाला. खूप वर शेकरूनं बांधलेलं काटक्यांचं घरटं होतं. मी शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, एवढंच म्हणणार होतो, तोच पोरानं माझ्या तोंडावर हात ठेवला. फांदीवरून एक झुबकेदार शेपटी लोंबत होती.

पुढं एका मोकळ्या माळावर जीप थांबली. जुनी आंब्याची झाडं, मध्ये जोत्याचे दगड.

"हितं आमच्या आज्याचं घर हुतं," गाइड म्हणाला. "धरण आन अभयारण्य झालं, गावं उठली. ह्यो आंबा परड्यातला."

वहिनींनी पहिल्यांदाच स्वच्छतागृह सोडून प्रश्न विचारला. "मग तेव्हा वाघ यायचा इथं?"

"यायचा की. पर वाडा-गोठा बगून जायचा. जेवायला थांबायचा न्हाई."

"म्हणजे तुमच्या आजोबांना दिसायचा आणि आम्हाला तिकीट काढून दिसत नाही!" मेहुणा म्हणाला. गाइड हसला. तिकिटाचं वाघाला कुणी कळवलं नसेल, म्हणाला. गवे मात्र कळपानं दिसले. एक खोंड रस्त्यात आडवा उभा राहून आमच्याकडं बघत होता. मेहुण्यानं त्याला मोबाइलवर तीन तारे दिले. "तारे कशाचे कापलेस?" मी विचारलं. "वाघ नाही म्हणून," तो म्हणाला.

परतताना गाडीत सगळे गप्प होते. शिराळ्यात शिरता शिरता मेहुण्यालाच माझी दया आली असावी. "दाजी, तुम्ही लिहिलेला तो फलक कुठं आहे? तो बघू आणि मग निघू." मी हुरळलो. स्टँडच्या कोपऱ्यावर गाडी घ्यायला लावली. मारुतीच्या स्थानबद्धतेचा खुलासा कसा करायचा, याची मनात जुळवाजुळव करत होतो.

फलक दिसत नव्हता. हत्ती, सौजन्य, माझ्या चार ओळी, सगळ्यांवर वरपासून खालपर्यंत वाढदिवसाचा नवा कोरा फ्लेक्स ताणून बांधला होता. मधोमध एक तरुण, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात बोटभर जाड साखळी, कानाला मोबाइल, कुणाशी तरी फार महत्त्वाचं बोलत असलेला. त्याच्या खांद्यामागून जबडा उघडलेला पट्टेदार वाघ. वर गजभर अक्षरात, 'शिराळ्याचा ढाण्या वाघ'.

"बाबा, वाघ!" पोरगं ओरडलं.

शेजारी पुण्याच्याच पासिंगची एक गाडी थांबली होती. त्यातल्या बाईंनी काच खाली घेऊन मला विचारलं, "अहो, हे कोण? शिवकाळातले का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर मेहुणा खाली उतरून नेम धरत होता. माणूस त्यानं चौकटीबाहेर काढला, नुसता वाघ घेतला, आणि तिथंच उभ्या उभ्या घरच्या ग्रुपवर टाकला. 'चांदोली. अखेर दिसला!'

पाच तारे दिले. मिनिटभरात मावशींचा निरोप आला.

'अगंबाई, किती जवळून! जीपला काच होती ना रे?'